खाच

त्या रविवारी आम्ही अकरा जण होतो,
भांडुपच्या पंपिंग स्टेशनमागे, ओहोटीला,
मिठागराच्या बांधावर एका रांगेत.
टोप्या सारख्या, मंडळानंच शिवून घेतलेल्या,
चिखलाच्या रंगाच्या,
पक्ष्यांना आपण दिसू नये म्हणून.

आमच्यात कधी भांडण झालं नाही.
सोसायटीतल्या बायकांना मी हे अभिमानानं सांगायचे.
कांदळवन वाचलं पाहिजे, सगळ्यांना मान्य.
पुलाचे खांब खाडीत नकोत, मान्य.
चहात आलं हवं, साखर बेताची.
ठाण्याचा गट उथळ, नुसते फोटोवाले,
हेही मान्य, न बोलता.

धुरंधर सरांनी हात वर केला.
"ठिपक्यांचा गरुड," ते हळूच म्हणाले,
गाभाऱ्यात बोलावं तसं.
आणि दुर्बिणी वळल्या,
जसे टिलव्यांचे थवे वळतात,
आधी सगळे काळे, मग सगळे पांढरे,
पहिला कोण वळला ते कळतच नाही.

परेराला रुंद पंख दिसले.
विभावरीला पाठीवरचे ठिपके दिसले.
एवढ्या लांबून ते दिसत नाहीत
हे तिनंच मला शिकवलं होतं.
मला शेपटी दिसली.
शेपटीला खाच.

"घार आहे ना ती?"
हर्षाली केणी. महिन्यापूर्वी आलेली, नाहूर गावठाणातली,
दुर्बीण उसनी, टोपी अजून मिळायची होती.
"आई गच्चीवर सुकट घालते, मी राखणीला बसायचे.
घारीची शेपटी मला पाठ आहे."

कुणी तिला गप्प केलं नाही.
हे लिहून ठेवायला हवं. आम्ही वाईट माणसं नव्हतो.
सर तर हसले. "डोळा बसायला वेळ लागतो गं,"
आणि थर्मासमधला पहिला कप तिलाच दिला.
तिनं चहा घेतला, पुन्हा वर पाहिलं,
मग माझ्याकडे.
मी दुर्बिणीची काच पुसत होते.

स्वच्छ होती काच.

तीस वर्षं बँकेत मी सह्या ताडून पाहिल्या.
वेलांटीचा एक हिसका चुकला तरी चेक परत.
मॅनेजरनं डोळे वटारले,
एका बिल्डरनं मिठाईचा पुडा ठेवला टेबलावर,
माझं पेन हललं नाही.
ते सोपं होतं.
ते लोक माझे नव्हते.

सरांनी वहीत लिहिलं: तारीख, वेळ, ओहोटी,
मोठा ठिपक्यांचा गरुड, एक.
खाली पाहणाऱ्यांच्या सह्या.
माझी सातवी. अगदी हुबेहूब माझी,
काउंटरवर आली असती तर मीच पास केली असती.
हर्षालीपर्यंत वही गेलीच नाही,
किंवा गेली आणि तिनं तशीच पुढे दिली.
आठवत नाही.
आठवायचं नाही, हे जास्त खरं.

पुढच्या रविवारी दहा जण होतो.
पाऊलवाट अरुंद आहे, दहाच बरे, कुणीतरी म्हणालं.
तिची टोपी शिवून आली होती,
ती विभावरीच्या डिकीत अजून असेल.

आता त्या बांधावरचा गरुड सगळ्या याद्यांत आहे.
पुण्याहून लोक येतात, पहाटे निघून.
काहींना दिसतोसुद्धा.

मी हल्ली जात नाही. गुडघे, असं सांगते.
माझ्या मुलुंडच्या खिडकीतून मासळीबाजाराचे पत्रे दिसतात,
दुपारी त्यांच्यावर घारी घिरट्या घालतात,
दुर्बीण लागत नाही.
वळताना एखादी शेपटी पसरते,
क्षणभर खाच मिटते, कड सरळ होते,
आणि मी स्वतःशी म्हणते, बघ,
असंच दिसलं असेल तेव्हा.

मग ती वळण संपवते.